माडीवरची जिप्सम भिंत आणि स्पंजचं फिनिशिंग : कामाच्या नोंदी

६ एप्रिल

माडीवरच्या मोठ्या खोलीचे दोन भाग करायचे हे अखेर ठरलं. महिनाअखेरीला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ताई पोरांना घेऊन येणार, आणि माझं ऑफिसचं काम त्याच खोलीत, त्यामुळे मीटिंगमध्ये मी बोलतोय आणि मागे भाचरं पलंगावरून उड्या मारताहेत हे दरवर्षीचं झालंय.

नाना मिस्त्री सकाळी बघून गेले. आल्या आल्या विटा किती, वाळू किती, सिमेंटच्या गोण्या किती हा हिशोब सुरू. पण आमचं घर अमळनेरच्या जुन्या गावातलं, खाली दगडमातीच्या जाड भिंती आणि माडीची जमीन म्हणजे सागवानी तुळया, त्यावर कड्या, त्यावर फळ्या, चालताना अजूनही थोडी हलते. साडेचार इंची विटांची भिंत दोन्हीकडून प्लास्टर करून उभी केली की चौरस मीटरला २५० किलोच्या वर जाते. तेच जिप्सम बोर्डाची पोकळ भिंत, मधे जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा, सांगाडा आणि दोन्ही बाजूंनी १२.५ एमएमचा एकेक बोर्ड, साधारण २५ किलो. म्हणजे दहापट फरक, आणि हे वजन पेलणार कोण तर पणजोबांच्या काळातल्या तुळया. विटांचा विषय तिथेच संपला.

नानांनी माझ्याकडचा बोर्डाचा सँपल तुकडा उलटासुलटा केला, बोटाने टकटक केलं आणि त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "हाई भित शे का पुट्ठा शे रे भो?" म्हटलं नाना, वरून कागदच आहे, आत जिप्सम आहे. त्यांना पटलं नाही पण येतो म्हणाले. भिंत १२ फूट लांब, ९ फूट उंच, मधोमध दार.

९ एप्रिल

जळगावहून माल आणला छोट्या हत्ती टेम्पोतून. बोर्ड ६ बाय ४ फुटाचे, उभे न ठेवता आडवे सपाट रचून आणले, ड्रायव्हर वैतागला होता पण कडा फुटल्या की सांधे भरताना दुप्पट काम वाढतं. जीआयचे चॅनल, २५ एमएमचे काळे ड्रायवॉल स्क्रू, कागदी टेप, सांधे भरायचं जॉइंटिंग कंपाउंड, आणि पातळ थरासाठी फिनिशिंगचं जिप्सम प्लास्टर २५ किलोच्या दोन पिशव्या. पिशवीवर बोर्डावर चालतं असं छापलंय का ते उभं राहून वाचलं, कारण दुकानात मिळणारं बरंचसं जिप्सम प्लास्टर विटांवर अर्धा इंच जाड मारायचं असतं, ते २ एमएमच्या थरात ओढायला जाड पडतं.

आता स्पंजचं. आपल्याकडे बोर्डाच्या पार्टिशनचं काम फॉल्स सीलिंगवाले करतात आणि पद्धत ठरलेली असते, सांधे भरायचे, मग वरून सगळीकडे पुट्टी, मग पॉलिश पेपर घेऊन घासत सुटायचं. काम चांगलं होतं पण ती पांढरी धूळ घरभर जाते, गाद्यांत, भांड्यांत, आणि बाबांना दमा आहे. माडी लाकडी असल्यामुळे फळ्यांच्या फटींतून धूळ थेट खालच्या खोलीत पडते. म्हणून घासणंच नको अशी पद्धत शोधत होतो.

इंग्लंड-आयर्लंडकडे प्लास्टरवाले बोर्डाच्या आख्ख्या भिंतीवर २-३ एमएमचा जिप्समचा थर दोन हातांत, म्हणजे एकावर एक दोनदा, मारतात आणि तो पुरता आवळायच्या, म्हणजे घट्ट व्हायच्या, आधी त्यावर ओला स्पंज फिरवतात, मग लगेच गुरमाळा, म्हणजे प्लास्टर ओढून सपाट करायचं मुठीचं पातं. घासायला काही उरतच नाही. व्हिडिओ भरपूर पाहिले. तिकडचं प्लास्टर वाळल्यावर गुलाबीसर दिसतं, आपल्याकडचं पांढरं, एवढाच वरवरचा फरक. खरा फरक हवेचा. तिकडे खिडकीबाहेर पाऊस आणि इथे एप्रिलमध्येच दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. तेव्हा त्यांच्या मिनिटांवर काम करून चालणार नाही एवढं आत्ताच कळतंय.

स्पंजचा फ्लोट, म्हणजे मूठ असलेल्या फळीला चिकटवलेला स्पंज, टाइल्सवाल्याकडे मिळाला, टाइलच्या फटींत भरलेलं ग्राउट पुसायचा. बारीक भोकांचा आणि घट्ट घ्यायचा. गादीवाल्याकडचा फोम स्वस्त पडतो पण तो दाबला की बसतो, खळग्यात शिरतो आणि खळगा आणखी खोल करतो. सपाटपणा फळीमुळे येतो.

१२ एप्रिल

सांगाडा आणि बोर्ड झाले. पटकन लिहितो, हा भाग सगळ्यांना माहीत असतो. उभे चॅनल दोन-दोन फुटांवर, बोर्डांचे आडवे सांधे एका रेषेत येऊ दिले नाहीत, खाली जमिनीपासून सेंटिमीटरभर सोडलं म्हणजे फरशी पुसताना, इथे फळ्या पुसताना, बोर्ड पाणी शोषणार नाही. वर तुळईला घट्ट भिडवलं नाही. लाकूड हलतं, ती फट नंतर लवचीक सीलंटने भरायची, जिप्समने भरली तर पहिल्या पावसाळ्यात चीर ठरलेली.

स्क्रूचं डोकं कागदात किंचित खाली जायला पाहिजे पण कागद फाटला नाही पाहिजे, कारण पकड सगळी कागदाची असते. नाना खिळे ठोकणारे, हात जड, पण दोन-चार स्क्रूनंतर त्यांनी मशीनचा क्लच स्वतःच कमी केला आणि मग माझ्यापेक्षा सरळ रांग लावली. बोर्डाची पांढरी बाजू बाहेर, तपकिरी आत. एका ठिकाणी वाहतुकीत कागद सोलला गेला होता, आतला तपकिरी थर दिसत होता, तिथे सोललेल्या कडा कटरने कापून काढल्या आणि प्रायमरचा हात दिला. उघडा तपकिरी कागद ओला झाला की त्याला फोड येतात आणि आपण तर पुढे पाणीच फिरवणार आहोत.

१४ एप्रिल

सांधे. कंपाउंड, त्यावर कागदी टेप, टेपवर परत पातळ कंपाउंड. जाळीची टेप लावायला सोपी पण हलणाऱ्या जमिनीवरच्या भिंतीला मी कागदीच लावतो, ती कमी ताणली जाते.

इथे स्पंजचा पहिला उपयोग झाला, आणि हा वेगळा आहे, पुढच्या मुख्य कामाशी याची गल्लत होऊ नये म्हणून मुद्दाम लिहून ठेवतो. बादलीत तयार मिळणारं कंपाउंड नुसतं वाळतं, त्यात आवळण्याची रासायनिक क्रिया नसते, त्यामुळे वाळल्यावरही ओला स्पंज फिरवला की वरचा थर परत विरघळतो आणि कडा गुळगुळीत होतात. पॉलिश पेपरची गरजच नाही, धूळ नाही. पावडर कालवून करायचं जे आवळणारं कंपाउंड येतं त्याला हे चालत नाही, ते एकदा दगड झालं की झालं. स्पंज फिरवताना टेपच्या मधोमध जोर द्यायचा नाही, नाहीतर टेप उघडी पडते. कडेला, जिथे कंपाउंड संपून बोर्ड सुरू होतो, तिथेच.

आई खालून विचारते की एवढा वेळ काय पुसताय वर. म्हटलं भिंत पुसतोय. नवीन भिंत पुसावी का लागते हा तिचा प्रश्न बरोबरच आहे.

१६ एप्रिल

भिंतीला हात लावायच्या आधी उरलेल्या बोर्डाच्या तुकड्यांवर प्रयोग केले, नाना आणि मी दोघांनी, अंगणात सावलीत.

गंमत अशी की नानांना स्पंज नवीन नाहीच. बाहेरच्या भिंतीचं सँड-फेस प्लास्टर करताना ते आयुष्यभर स्पंज मारत आलेत. पण तिथे काम उलटं. सिमेंटच्या प्लास्टरवर ओला स्पंज जोरात गोल फिरवायचा की वरचं सिमेंटचं पाणी निघून जातं आणि वाळूचा दाणा उघडा पडतो, तो खरबरीतपणाच हवा असतो. जिप्सममध्ये वाळूच नाही. त्यामुळे स्पंज फिरवला की वर दाणा येत नाही, बारीक कणांची पातळ साय येते, आणि तीच साय गुरमाळ्याने ओढून बारीक भोकं, गुरमाळ्याच्या रेघा, छोटे खळगे भरायचे. भिंतीचाच माल भिंतीत भरायचा, वरून काही लावायचं नाही. सगळी युक्ती एवढीच आहे. नानांचा हात सवयीने जोरात जात होता, तुकड्यावर साय येऊन पुढे खालचा थरच उकरला गेला तेव्हा ते थांबले, बघितलं आणि पुढच्या तुकड्यावर हात एकदम हलका. एवढ्या वर्षांची सवय एका तुकड्यात मोडली, माझी मोडली नसती.

पाणी किती हे पण तुकड्यांवरच पाहिलं. एकावर निथळता स्पंज, एकावर पिळलेला, एकावर जवळजवळ कोरडा. निथळत्या स्पंजाने साय भरपूर आली, दिसायला सगळ्यात छान, पण वाळल्यावर नखाने ओरखडलं तर पावडर सुटते. कोरड्याने काही हललंच नाही, उलट थर ओढला गेला. मधला बरोबर, म्हणजे बुडवायचा, दोन्ही हातांनी पिळायचा, फळी उभी धरली तर थेंब पडता कामा नये.

याच्यामागचं कारण असं आहे. पिशवीतली पावडर म्हणजे जिप्सम भाजून त्यातलं पाऊण पाणी उडवलेलं असतं. आपण पाणी घातलं की ती तेवढं पाणी परत घेते आणि सुईच्या आकाराचे स्फटिक वाढून एकमेकांत अडकतात, तीच मजबुती. ही वाढ चालू असताना पृष्ठभाग थोडा हलवला तर नंतरची वाढ त्याला बांधून घेते. पण वाढ पूर्ण झाल्यावर घासलं तर स्फटिक नुसते तुटतात, परत जुळत नाहीत, म्हणून पावडर. आणि जास्त पाण्याने कण लांब लांब राहतात, मधे पोकळी राहते, तिथेही पावडर. म्हणजे स्पंजला मिळते ती मधली एक खिडकी, लवकर गेलात तर ओल्या मालात खड्डे, उशिरा गेलात तर पीठ.

१७ एप्रिल

पाण्याची व्यवस्था. हे काम नाही, पण यावर सगळं काम अवलंबून आहे.

गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हात लावू देत नाही. कोमट-गरम पाण्यात जिप्सम झपाट्याने आवळतं, म्हणून टाकीचं पाणी बाद. बोअरचं पाणी जड, क्षारांचं, भांड्यावर पांढरे डाग पडतात तेच. विरघळलेले क्षार पण आवळणं पुढेमागे करतात आणि वाळल्यावर भिंतीवर पांढरा फुलोरा येऊ शकतो. शेवटी पिण्याचं पाणी आदल्या रात्री टाक्यातून काढून पितळी हंड्यांत भरून माडीवर नेऊन ठेवायचं असं ठरलं. आईचा चेहरा बघण्यासारखा होता, उन्हाळ्यात पिण्याचं पाणी भिंतीला. तिला सांगितलं की एका पिशवीला बारा लिटरच्या आत पाणी लागतं, पाहुण्यांच्या चहाएवढंच. तरी दोन हंडे मोजूनच दिले.

बादल्या तीन ठेवल्या. एक कालवायची, एक स्पंज धुवायची, एक स्वच्छ पाण्याची ज्यात धुतलेला स्पंज शेवटी बुडवायचा. कालवायच्या बादलीत मागच्या खेपेचं वाळलेलं जिप्सम चिकटलेलं राहिलं तर ते विरजणाचं काम करतं, नवीन माल दुप्पट वेगाने आवळतो, आणि स्पंजमध्ये वाळलेला कण अडकला तर भिंतीवर रेघोट्या. म्हणून दर खेपेला बादली घासून धुवायची. धुतलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही हे भाच्याला दोनदा बजावलं, पाइपमध्ये बसलं की पाइपच तोडावा लागतो. गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी झाडाला, गाळ उकिरड्यावर.

(भाचा परीक्षा संपल्यावर आखाजीची वाट न बघता आधीच आलाय, त्याला कालवायच्या कामावर नेमलंय.)

२० एप्रिल

पहिली बाजू, दाराच्या डावीकडचा अर्धा भाग.

पहाटे साडेपाचला सुरू. खिडक्यांना ओल्या चादरी, पंखा बंद, कूलर बंद. कूलरची दमट हवा बरी वाटते पण तिचा झोत थेट भिंतीवर आला की जिथे झोत तिथे आधी वाळतं, आणि एकाच भिंतीवर दोन वेळा धरायच्या म्हणजे डोक्याला ताप. बोर्डाला पाणी मारलं नाही. कोरा नवीन बोर्ड सगळीकडे सारखंच शोषतो, त्याला माल धरून ठेवणारं बाँडिंग एजंट वगैरे काही लागत नाही. खूप दिवस उन्हात पडून कागद पिवळा पडलेला असेल तर वेगळं.

पाणी आधी, पावडर नंतर, वरून भुरभुरवत. भाच्याने मिक्सर लावला, गुठळी राहिली नाही, चमचा उभा केला तर हळूच कलंडेल इतकं घट्ट. एका वेळी पाच-सहा किलोच पावडर, कारण एवढ्यात एका बोर्डाचे दोन्ही हात होतात आणि उरलेलं फेकायची वेळ येत नाही.

पहिला हात मी मारला, वरून खाली, दीड एमएमच्या आसपास, सांध्यावर आधी. नानांनी मागून पट्टी फिरवून उंचवटे काढले. मग थांबायचं. हे थांबणं कठीण असतं, चहा वर मागवला. माल बोटाला चिकटतो पण बोटावर येत नाही असं झालं की दुसरा हात, पहिल्यापेक्षा पातळ, आडवा. मग गुरमाळ्याने एकदा सपाट.

आणि मग परत वाट बघायची आणि भिंतीकडे तिरकं बघत राहायचं. ओली असताना ती काचेसारखी चकाकते, मग कोपऱ्यांपासून चकाकी जायला लागते, कागदावरची शाई सुकावी तशी न होता ठिपक्याठिपक्याने. पूर्ण मंद झाली, बोट दाबलं तर खळगा न पडता नुसता ओलसर ठसा राहिला, तेव्हा स्पंज. आज पहाटे कालवल्यापासून तिथपर्यंत पाऊण तासाच्या आसपास लागला. हा आकडा कुणी उचलून वापरू नये, तुमची पिशवी, तुमचं पाणी आणि तुमची खोली वेगळी असेल, बोटच बघा.

स्पंज नानांच्या हातात दिला. पिळून, हलक्या हाताने, हातभर रुंदीचे गोल, वरून खाली, एकमेकांवर थोडे चढवत. साय आली की तिथे थांबायचं, आणखी गोंजारायचं नाही. ते पुढे आणि मी त्यांच्यामागे दोन हातांच्या अंतरावर गुरमाळा घेऊन, पातं भिंतीला जवळजवळ टेकलेलं, एक कड किंचित उचललेली, साय ओढत. भोकं डोळ्यांदेखत भरत जातात. जिथे साय जास्त जमली ती गुरमाळ्यावर घेऊन पुढच्या खळग्यात. स्पंज आणि गुरमाळा यांच्यात अंतर वाढू द्यायचं नाही, नाहीतर साय सुकते आणि तिचेच बारीक गोळे होऊन रेघा पडतात. म्हणून हे काम एकट्याचं नाही असं माझं मत झालंय, निदान खानदेशात एप्रिलमध्ये तरी नाही. एकटा माणूस स्पंज टाकून गुरमाळा उचलेपर्यंत भिंत पुढे निघून गेलेली असते.

कडा आणि कोपरे हे नेहमी आधी आवळतात, त्यामुळे स्पंज तिथून सुरू करून मधे आलो. स्विचबोर्डच्या चौकटीभोवती फळी बसत नाही, तिथे हातातला सुटा स्पंजचा तुकडा. दाराच्या चौकटीला चिकटलेला माल त्याच वेळी पुसून घेतला.

शेवटी माल पूर्ण घट्ट व्हायच्या आत पाण्याशिवाय गुरमाळ्याचा एक हात, थोडा जोर लावून. इथे बरेच जण पाणी मारून मारून आरसा करतात. इतकी चकचकीत भिंत दिसायला भारी पण रंग धरत नाही, प्रायमर वरच्यावर बसतो. मला रंगवायची आहे, मी मंद फिनिशवर थांबलो. साडेआठला खाली उतरलो तेव्हा ऊन अंगणात आलेलं होतं, आणि आईने कळण्याची भाकरी नि हिरव्या मिरचीचा ठेचा तयार ठेवलेला, नाना दोन भाकरी खाऊन तिथेच ओट्यावर झोपले.

२१ एप्रिल

उजवीकडचा अर्धा भाग. काल-आज मधे जोड कुठे येणार तर दाराच्या वरच्या पट्ट्यात, म्हणून तिथेच तोडलं होतं, लांबी जेमतेम दीड फूट. जोडावर कालची कड सरळ कापून ठेवलेली, तिच्यावर आज स्पंज जवळजवळ कोरडा चालवला. जुनी बाजू आवळलेली आणि नवीन ओली, ओल्या स्पंजाने जुनीवर पीठ सुटलं असतं. तिरक्या उजेडात बॅटरी धरून पाहिलं, हाताला लागत नाही, डोळ्याला अगदी किंचित.

सात वाजता हवा सुटली, गरम. चादरी कोरड्या व्हायला लागल्या तशी खिडकीजवळच्या बोर्डावर चकाकी कालपेक्षा खूप लवकर गेली. नानांनी मला न विचारता क्रम बदलला, आधी खिडकीकडचं, मग आतलं. हे पुस्तकात नसतं. माल जिथे आधी मागतो तिथे आधी जायचं, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं असा काही नियम नाही. एका जागी मी स्पंज अजून थोडा भिजवू का विचारलं तर म्हणाले, "नको रे भो, जास्त पानी व्हई गयं तं बठ्ठं धुई जाई." बठ्ठं म्हणजे सगळं. पंधरा दिवसांपूर्वी भिंतीला पुट्ठा म्हणणारे हेच.

२२ एप्रिल

बाबा संध्याकाळी पाइप घेऊन माडीवर. नवीन प्लास्टर म्हणजे तराई करायची, सात दिवस पाणी मारायचं, हे त्यांच्या रक्तात आहे, आणि सिमेंटला ते बरोबरच आहे. जिप्समला नको. त्याला लागेल तेवढं पाणी कालवतानाच मिळालेलं असतं, जास्तीचं उडून जाऊ द्यायचं. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले मग ही भिंत पक्की कशाने होणार. त्यांच्यासमोर नखाने ओरखडून दाखवलं, काही सुटलं नाही. पाइप परत नेला पण जाताना पायऱ्यांवरच्या तुळशीला पाणी घालून गेले, हात रिकामा नको म्हणून.

आता मात्र चादरी काढल्या, खिडक्या उघडल्या. आवळेपर्यंत वाऱ्यापासून जपायचं आणि आवळल्यावर वाराच हवा. आवळायच्या आधीच हवेने पाणी पळवलं तर माल कच्चा राहतो, कधीच पक्का होत नाही, उन्हाळ्यातल्या भुसभुशीत जिप्समचं मूळ बहुतेक वेळा तेच असतं आणि शिव्या पिशवीला बसतात.

२५ एप्रिल

दुसरी बाजू पण काल-परवा झाली. नवीन लिहिण्यासारखं फार नाही, आता तिघांचा ताल बसलाय. एक फरक केला. या बाजूला खाली तीन फूट पट्टा आई लाकडी पॅनेल चिकटवणार आहे, तिथे स्पंज फिरवून तसंच सोडलं, गुरमाळा मारलाच नाही. स्पंजचा बारीक खरबरीतपणा चिकटवायला चांगला. मागे टाइल येणार असेल तिथेही हेच करावं, पॉलिश कशाला करायचं जे झाकायचंच आहे. पण टाइलचं वजन पातळ थरावर किती टांगायचं ते आधी बघून घ्यावं लागेल, बाथरूमला तर बोर्डच हिरवा, ओल सोसणारा घ्यायचा आणि त्यावर हे जिप्सम नकोच.

पहिली बाजू सगळीकडे सारखी पांढरी झालीय, दाराच्या वर थोडी गडद होती तीही गेली. दोन-तीन बारीक टाचणीएवढी भोकं राहिलीत, हवेचे बुडबुडे. प्रायमरनंतर ठिपका पुट्टीचा. संपूर्ण भिंतीवर पॉलिश पेपर कुठे लागला तर दारावरच्या जोडावर, तळहाताएवढ्या जागेत. बाबा त्या वेळी मंदिरात गेले होते.

२७ एप्रिल

प्रायमर. पहिला हात पातळ करून, कोरडी भिंत पिते, घट्ट मारला तर वर कातडी धरतो आणि पुढे पापुद्रे. दुसरा हात डब्यावर सांगितलाय तेवढाच. वरच्या फटीत सीलंट भरलं. रोलर फिरवताना कळतं की भिंत किती सपाट आहे, रोलर कुठे उड्या मारत नाही. नाना मुद्दाम बघायला आले, बॅटरी मागितली, भिंतीला गाल लावून एका टोकापासून पाहिलं. "भित बरी दिखी ऱ्हायनी." यापेक्षा जास्त ते कुणाच्याच कामाला म्हणत नाहीत.

त्यांचा एक आक्षेप कायम आहे, तो पण नोंदवतो कारण तो खरा आहे. पुट्टी-पॉलिशवाला एकटा येऊन, कधीही, दुपारीसुद्धा काम करतो, घासताना चूकभूल दुरुस्त होते. स्पंजच्या पद्धतीत तीन माणसं पहाटे लागतात आणि तेवढ्या वेळातच सगळं, मजुरीने करून घ्यायचं तर महाग पडेल. घरची माणसं हाताशी असली आणि धूळ चालणार नसली तर स्पंज. नसता फॉल्स सीलिंगवाल्याला बोलवावं हे मी पण म्हणेन.

३ मे

आखाजी झाली, ताई आहे अजून. भाचरांनी बॉल मारून भिंतीची परीक्षा घेतली, खळगा नाही, फक्त प्रायमरवर डाग. माडीवर पळापळ भरपूर झाली आणि सांध्यांवर चीर कुठेच नाही, टेपने निभावलं म्हणायचं, पण खरी परीक्षा पावसाळ्यात लाकूड फुगेल तेव्हा. आवाज मात्र जातो पलीकडे, बोर्डांच्या मधल्या पोकळीत आवाज अडवणारं रॉकवूल घातलं नाही, वजनाच्या भीतीने आणि बजेटच्याही. मीटिंगमध्ये कॅरम ऐकू येतो.

रंगाचे दोन हात पुढच्या आठवड्यात.

१० मे

रंग झाला. उरलेली अर्धी पिशवी ठेवून उपयोग नाही, उघडी पिशवी हवेतली ओल धरते आणि पावसाळा लागला की कालवल्यावर कधी आवळेल कधी नाही याचा भरवसा नसतो. म्हणून खालच्या ओसरीतला कोनाडा, ज्यात कंदील ठेवायचे, त्याचा उखडलेला चुना खरवडून तिथे लावायचं ठरवलं. चुन्याची जुनी भिंत बोर्डासारखी शोषत नाही, एका जागी तहानलेली आणि एका जागी गच्च, म्हणून आधी बाँडिंग एजंटचा हात आणि तो चिकट असतानाच माल. कोनाड्याच्या गोलाईत फळी बसत नाही, सुटा स्पंज मुठीत धरून केलं आणि गुरमाळ्याऐवजी प्लॅस्टिकच्या डब्याचं कापलेलं झाकण, ते वाकतं. फ्लोट नानांनी मागून नेलाय, पारोळ्याला एका साइटवर बोर्डाचं काम मिळालंय त्यांना, स्पंज वाळू न देता धुवून ठेवा म्हणून सांगितलंय.